श्टुटगार्टचा बिस्मार्क मनोरा आणि एक अडलेला ‘म्हणून’

घाटमाथा

मंडळी, जरा मदत हवी आहे.

आम्ही नऊ वर्षं श्टुटगार्टमध्ये राहतोय, शहराच्या उत्तरेला. घरातून निघून वीस-पंचवीस मिनिटं चढण चढलं की गेकोप्फ टेकडीचा माथा लागतो. उंची ४०९ मीटर. माथ्यावर बिस्मार्क मनोरा आहे. वीस मीटर उंच, चौकोनी, आणि चारही कोपऱ्यांत भिंतीतूनच उगवल्यासारखे जाडजूड खांब. १९०४ मध्ये बांधलेला. लांबून बघितलं तर पडक्या गडाचा एकच बुरूज उरलाय असं वाटतं. खाली वाटीसारख्या खोलगट दरीत सगळं शहर.

धाकटा सहावीत आहे. त्याला शाळेत रेफराट करायचाय, म्हणजे वर्गासमोर दहा मिनिटं बोलायचं. विषय ‘माझ्या घराजवळची एक जुनी वास्तू’. त्याने हा मनोरा निवडला. तो सायकल शिकला त्या उतारावर. ३१ डिसेंबरच्या रात्री सगळ्या शहरातली आतषबाजी आम्ही तिथूनच बघतो. मनोरा आपलाच आहे असं त्याला वाटतं.

काल त्याने पहिला खर्डा दाखवला. त्यात एक वाक्य आहे : “बिस्मार्कने जर्मनी एक केला आणि आजारी माणसांना विमा दिला, म्हणून लोकांनी त्याच्यासाठी मनोरा बांधला.”

मी त्या ‘म्हणून’वर अडलोय. बिस्मार्क १८६२ मध्ये प्रशिया या जर्मन राज्याचा मुख्यमंत्री झाला, तीन युद्धं झाली, १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य उभं राहिलं, १८९० पर्यंत तो त्याचा चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, होता. एवढं मला माहीत आहे. विम्याचं तर दर महिन्याला पगाराच्या चिठ्ठीवर दिसतं. हिच्या ऑपरेशनच्या वेळी रुग्णालयात अकरा दिवस होतो आणि बिलाची चिंता एकदाही करावी लागली नाही, ते याच व्यवस्थेमुळे. त्यामुळे हा माणूस मला परका वाटत नाही. पण मनोरा *त्यामुळे* बांधला का? लोक म्हणजे कोण? इथे इतिहास जाणणारे बरेच आहेत. सांगा.

इतिहासवेडी

घाटमाथा, तुमची शंका बरोबर आहे. तो ‘म्हणून’ काढायला हवा.

मी गॉटिंगेनला असते. इथेही बिस्मार्क मनोरा आहे, तुमच्यापेक्षा जुना, १८९६ चा. बिस्मार्क १८३२-३३ मध्ये इथे कायदा शिकायला होता. त्याच्या दांडगाईमुळे गावाच्या हद्दीत राहायला बंदी झाली, तेव्हा तो तटाजवळच्या एका छोट्या घरात राहायला गेला. ते घर अजून आहे.

तुमच्या मनोऱ्याची गोष्ट मात्र त्याच्या मरणानंतर सुरू होते. ३० जुलै १८९८ ला तो गेला. त्याच वर्षाच्या शेवटी जर्मन विद्यार्थी संघटनांनी देशभर आवाहन काढलं. कल्पना अशी की गावोगावच्या टेकड्यांवर साधे, नक्षीकाम नसलेले दगडी स्तंभ उभारायचे, वर अग्निकुंड ठेवायचं आणि ठरलेल्या रात्री सगळीकडे एकदम जाळ पेटवायचा. १८९९ मध्ये आराखड्यांची स्पर्धा झाली. पहिला आला विल्हेल्म क्राइस, वय सव्वीस. त्याच्या आराखड्याचं नाव ‘गॉटरडेमरुंग’, म्हणजे देवांची सांजवेळ. त्या एका आराखड्यावरून ४७ मनोरे बांधले गेले, तुमचा त्यातलाच. म्हणून तो गडाच्या बुरुजासारखा दिसतो. बघणाऱ्याला दबल्यासारखं वाटावं याच हिशेबाने तो आखलाय.

सगळ्या प्रकारचे मिळून जवळपास २४० मनोरे झाले, त्यातले १७० च्या आसपास उभे आहेत. जाळाची रात्र विद्यार्थ्यांनी २१ जून ठरवली होती, पण बऱ्याच गावांनी बिस्मार्कचा वाढदिवस, १ एप्रिल, हाच धरला. सगळ्या देशात एकाच क्षणी जाळ, हे कधीच साधलं नाही.

पैसा वर्गणीचा. देणारे प्राध्यापक, वकील, कारखानदार, व्यापारी, विद्यार्थी. ज्यांना १८८३ च्या कायद्याने आजारपणाचा विमा मिळाला तो कामगार या यादीत फारसा सापडत नाही. या लोकांना विम्याचं अप्रूप नव्हतं. त्यांना आठवत होतं ते १८७१.

एक स्थानिक गोष्ट मुलाला जरूर सांगा. १८६६ च्या युद्धात तुमचं व्यूर्टेम्बर्ग राज्य बिस्मार्कच्या *विरुद्ध* लढलं होतं, ऑस्ट्रियाच्या बाजूने, आणि हरलं होतं. ज्यांच्या आजोबांनी प्रशियाच्या गोळ्या खाल्ल्या, त्या शहरात अडतीस वर्षांनी त्याच माणसाचा मनोरा चढला. मला त्या दगडांकडे बघताना सर्वांत आधी हेच आठवतं.

जास्वंद

वाचतेय. आमच्या गावाजवळच्या टेकडीवरही असाच मनोरा आहे, पण एका आराखड्याचे ४७ आहेत हे माहीत नव्हतं.

गिरणगावकर

इतिहासवेडीताई, तुमचं म्हणणं पटलं. पण विम्याची बाजू अशी पटकन बाजूला सारू नका. मी त्या बाजूचा माणूस आहे.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, होते. आमच्या घरात दोन कागद जपून ठेवलेले असत, रेशनकार्ड आणि विम्याचं कार्ड. चाळीतले सगळे ‘विम्याचा दवाखाना’च म्हणायचे. आईचं दम्याचं औषध तिथूनच यायचं. वडिलांचा हात साच्यात सापडला तेव्हा परळच्या महात्मा गांधी रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले आणि घरी बसलेल्या दिवसांचे पैसेही मिळाले. त्या पैशावर माझी दहावी झाली.

पुढे युनियनच्या कामात पडलो तेव्हा हे कुठून आलं ते वाचलं. कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल प्रा. बी. पी. आडारकरांनी १९४४ मध्ये दिला, १९४८ मध्ये कायदा झाला, १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, मग मुंबईत आली. पाया काय? मालकाने थोडं भरायचं, कामगाराने थोडं भरायचं, आजारी पडला तर औषध आणि पगाराचा काही हिस्सा. ही मांडणी देशाच्या पातळीवर सगळ्यांत आधी कायद्यात बसवली ती १८८३ मध्ये जर्मनीने. तेव्हा दोन तृतीयांश वर्गणी कामगाराची होती आणि एक तृतीयांश मालकाची. आजारपणात तेरा आठवडे पैसे. १८८४ चा अपघात विमा आला, त्याचा सगळा भार मालकांवर. १८८९ मध्ये म्हातारपणाचं पेन्शन, पण वयाच्या सत्तरीला. भट्टीवर काम करणारा किती जण सत्तरी बघत असतील, हा प्रश्न आहेच.

तरी कायदा झाला. मनोरा कोणी का बांधेना, पोराने लिहिलेलं वाक्य अर्धं खरं आहे. ते अर्धं खोडू नका.

लाल_डबा

गिरणगावकर, आदर ठेवून सांगतो, त्या कायद्यांच्या आधीचा कायदाही सांगायला हवा.

१८७८ मध्ये कैसरवर, म्हणजे जर्मन सम्राटावर, दोनदा हल्ले झाले. ते निमित्त धरून बिस्मार्कने समाजवाद्यांविरुद्धचा कायदा आणला. सभा बंद, वर्तमानपत्रं बंद, संघटना बंद, कार्यकर्ते शहरातून हद्दपार. हे बारा वर्षं चाललं. विमा आला तो या बारा वर्षांच्या मधोमध. कामगाराने पक्षाकडे न बघता राज्याकडे बघावं, हा उघड हेतू होता. स्वतः बिस्मार्कनेही तो लपवला नाही.

आणि कामगाराने काय केलं? विमा घेतला आणि मत समाजवाद्यांनाच दिलं. १८९० च्या निवडणुकीत बंदी असलेल्या त्या पक्षाला १४ लाखांवर मतं पडली, सगळ्या पक्षांत सर्वांत जास्त. महिन्याभरात बिस्मार्क पायउतार झाला. नव्या कैसरशी बिनसणं हे मुख्य कारण, पण ती मतंही त्याच दिवसांतली आहेत.

गिरणगावकर

हे मला माहीत आहे, लाल_डबा. मी स्वतः संपात तुरुंगात जाऊन आलोय. सरकार एका हाताने देतं तेव्हा दुसऱ्या हातात काय असतं हे आम्हाला कोणी शिकवायला नको. म्हणूनच म्हणतो, दोन्ही सांगा. आमच्या आईचा दमा हेतू बघून कमी-जास्त होत नव्हता.

ओडरकाठी

मी व्रोत्सवाफला असतो, पोलंडमध्ये. हे शहर १९४५ पर्यंत ब्रेस्लाउ होतं. बिस्मार्कचा सगळ्यांत पहिला मनोरा इथून फार लांब नाही. सिलेशियातल्या आताच्या यानूवेक गावात, १८६९ चा. म्हणजे तो जिवंत असताना, साम्राज्य व्हायच्याही आधी.

इथल्या लोकांना त्याचं नाव कसं आठवतं ते सांगतो. १८८५ मध्ये प्रशियातून जवळपास तीस हजार पोलिश आणि ज्यू माणसं हाकलली गेली, कारण त्यांच्याकडे तिथलं नागरिकत्व नव्हतं. कितीतरी जणांचा जन्म तिथलाच होता. पुढच्या वर्षी पोलिश जमीनदारांच्या जमिनी विकत घेऊन तिथे जर्मन शेतकरी बसवायला सरकारी आयोग नेमला. शाळेतून पोलिश भाषा हळूहळू काढली. बिस्मार्क गेल्यावरही ते धोरण चालूच राहिलं. १९०१ मध्ये व्झेशन्या गावात मुलांनी जर्मनमधून प्रार्थना म्हणायला नकार दिला, तेव्हा त्यांना छड्या बसल्या आणि पालकांना तुरुंगवास झाला. माझ्या शेजारच्या आजी ही गोष्ट सांगतात तेव्हा अजून त्यांचा आवाज चढतो. त्यांच्या पणजोबांच्या पिढीची गोष्ट आहे ती.

आपण मराठीसाठी जीव टाकणारी माणसं. आपल्याला हे समजायला वेळ लागू नये.

जास्वंद

ओडरकाठी, हे वाचून गलबलून आलं. प्रार्थना कुठल्या भाषेत करायची हेही सरकार ठरवणार?

पण एक म्हणू का? मूल सहावीत आहे. हद्दपारी, तुरुंग, छड्या, सगळं दहा मिनिटांत घातलं तर त्याचा मनोरा त्याच्या हातातून जाईल. त्याची सायकलही राहू द्या त्यात.

पाणीपुरवठा

जास्वंदताईंशी सहमत. मी स्थापत्य अभियंता, पूर्वी त्याच शहरात होतो. मुलाला आवडेल असं थोडं सांगतो.

वरच्या अग्निकुंडासाठी बांधलेल्या त्या मनोऱ्यात १९२० च्या दशकात पाणी साठवायची सोय केली गेली. टेकडीच्या माथ्यावर भक्कम दगडी बांधकाम आयतं उभं, पाण्याला हवा तो दाब मिळतो, मग शहर ते वापरणारच. आग ठेवायला बांधलेल्या जागेत पाणी, हे सहावीतल्या मुलांच्या लक्षात राहील.

दुसरं, तिथून जवळच किलेसबर्ग बागेत २००१ चा मनोरा आहे, योर्ग श्लाइश यांचा. तारांच्या जाळीवर तोललेला, वारा आला की किंचित हलतो, सगळ्या बाजूंनी आरपार दिसतो. कोलकात्याच्या विद्यासागर सेतूच्या आखणीत याच श्लाइश यांचा हात आहे. दोन्ही मनोरे एका दुपारी बघून होतात. एकात चढताना फक्त भिंत दिसते, दुसऱ्यात प्रत्येक पायरीला शहर दिसतं. दोन्ही चढून बघा, मुलगा स्वतःच बोलेल.

वाळवंटवाट

१९०४ हे साल वाचून थांबले. मी काही वर्षं विंडहुकला होते, नामिबियात. तिथे १९०४ म्हटलं की एकच गोष्ट. हेरेरो लोकांनी जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. ऑगस्टमध्ये वॉटरबर्गला लढाई झाली, मग बायकामुलांसकट त्यांना वाळवंटात ढकललं आणि पाणवठ्यांवर पहारे बसवले. ऑक्टोबरमध्ये जनरल फॉन ट्रोथाने हेरेरोंना ठार मारण्याचा लेखी हुकूम काढला. पाठोपाठ नामा लोकांचीही तीच गत झाली. २०२१ मध्ये जर्मन सरकारने याला वंशसंहार म्हटलं.

तेव्हा बिस्मार्क मरून सहा वर्षं झाली होती, हे मान्य. पण ती वसाहत घेतली गेली १८८४ मध्ये, तो चॅन्सेलर असताना. त्याच हिवाळ्यात बर्लिनमध्ये त्याच्याच अध्यक्षतेखाली आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरले आणि त्या टेबलाभोवती एकही आफ्रिकी माणूस नव्हता.

दोन्ही एकाच वर्षी. इकडे टेकडीवर दगड चढत होते आणि तिकडे पाणवठ्यांवर पहारे. मी हे मुलाला सांगा असं म्हणत नाही. तुम्ही मात्र माहीत असू द्या.

घाटमाथा

सगळं दोनदा वाचलं. रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो.

गिरणगावकर काका, तुमच्या वडिलांची गोष्ट मी मुलाला मराठीतूनच वाचून दाखवली. त्याने विचारलं, “साचा म्हणजे काय?” मग अर्धा तास गिरणीवर बोलण्यात गेला. वाळवंटवाट, तुमचा प्रतिसाद मी आणि हिने बसून वाचला. तो त्याला आत्ता नाही, पण दोन-तीन वर्षांत नक्की सांगणार.

केसरीवाडा

उशिरा आलो या धाग्यावर. सगळ्यांनी बिस्मार्कचं सांगितलं. मी मनोऱ्याखालच्या शहराचं सांगतो, कारण श्टुटगार्ट म्हटलं की आम्हा पुणेकरांना आधी दुसरंच काही आठवायला हवं.

लाल_डबा यांनी ज्या पक्षाचं लिहिलं, त्याच्यावरची बंदी १८९० मध्ये उठली. सतरा वर्षांनी, ऑगस्ट १९०७ मध्ये, जगभरच्या समाजवाद्यांची परिषद भरली ती श्टुटगार्टमध्ये, लीडरहाले या सभागृहात. मनोरा तेव्हा तीन वर्षांचा होता. वसाहतींवर मोठा वाद झाला. वसाहतवाद तत्त्वतः नाकारू नये, समाजवादी राजवटीत त्याचा उपयोगही होईल, असं म्हणणारे समाजवादीही होते! तो मसुदा १२७ विरुद्ध १०८ मतांनी पडला. इतकी जवळची लढत.

आणि त्याच परिषदेत, २२ ऑगस्टला, मुंबईत जन्मलेली एक पारशी बाई व्यासपीठावर उभी राहिली. मादाम भिकाजी कामा. हिंदुस्थानातल्या दारिद्र्याबद्दल, इंग्रजांच्या लुटीबद्दल त्या बोलल्या आणि मग त्यांनी झेंडा उलगडला. हिरवा, पिवळा, लाल, मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वंदे मातरम्’. परक्या भूमीवर स्वतंत्र हिंदुस्थानचा म्हणून फडकलेला तो पहिला झेंडा. सभागृहाला त्यांनी उभं राहून त्याला वंदन करायला सांगितलं. पुढे तो झेंडा गुजरातचे स्वातंत्र्यसैनिक इंदुलाल याज्ञिक यांनी हिंदुस्थानात आणला. आज तो पुण्यात केसरीवाड्यात जपून ठेवलेला आहे. मी नारायण पेठेतला, लहानपणापासून तो बघत आलोय, आणि दर वेळी त्या अक्षरांपाशी थांबतो.

घाटमाथा, तुमचा मुलगा ज्या टेकडीवर सायकल शिकला तिच्या पायथ्याशी हे घडलंय. त्याच्या रेफराटमध्ये मनोरा असू द्या, झेंडाही असू द्या.

लाल_डबा

केसरीवाडा, हे दोन धागे मी कधी एकत्र बघितलेच नव्हते. बिस्मार्कने ज्यांना बंद पाडायचा प्रयत्न केला, त्यांच्याच सभेत आपला झेंडा. अंगावर काटा आला.

इतिहासवेडी

यात एकच भर. ती मूळ लीडरहाले दुसऱ्या महायुद्धात बॉम्बखाली गेली. आता दिसते ती इमारत १९५६ ची. शहराच्या पश्चिमेला बिर्केनकोप्फ नावाची टेकडी आहे, ५११ मीटर, तिचा वरचा साधारण चाळीस मीटरचा भाग म्हणजे युद्धात पडलेल्या शहराचा राडारोडा आहे. ५३ हवाई हल्ले झाले होते श्टुटगार्टवर. १९५३ ते ५७ या काळात तो ढिगारा तिथे नेऊन रचला. वर घरांच्या कमानींचे, खांबांचे तुकडे तसेच पडलेत, आणि मेलेल्यांची आठवण व जिवंतांना इशारा म्हणून हा डोंगर आहे असं लिहिलंय. कोणा एकाचं नाव त्याला नाही. ज्या शहरात बिस्मार्कला वीस मीटरचा मनोरा मिळाला, त्याच शहराने स्वतःच्या पडलेल्या घरांना अख्खा डोंगर दिलाय.

क्राइसचं पुढचं आयुष्यही इथेच नोंदवते. नाझी राजवटीत सैनिकांच्या भव्य दफनभूमी आखण्याचं काम त्याच्याकडे होतं. तेच अवजड दगड, तेच बुरूज.

घाटमाथा

मंगळवारी रेफराट झाला. उशिरा लिहितोय, माफ करा.

आदल्या रविवारी आम्ही तिघं चालत निघालो. आधी बिस्मार्क मनोरा चढलो, मग किलेसबर्गचा. पाणीपुरवठा, तुमचं खरं ठरलं. दुसऱ्या मनोऱ्यावर वारा सुटला आणि तो हलला, तेव्हा मुलगा आपणहून म्हणाला की “तो घाबरवतो, हा घाबरतो.” मग जुन्या द्राक्षमळ्यांच्या उतारावरून पायऱ्या-पायऱ्यांनी खाली शहरात उतरलो आणि लीडरहालेसमोर जाऊन उभे राहिलो. रविवार असल्याने कोणी नव्हतं. नऊ वर्षं मी त्या इमारतीवरून ट्रामने जातोय आणि मला माहीत नव्हतं. हिने मोबाइलवर झेंड्याचा फोटो काढून दाखवला. मुलाने ‘वंदे मातरम्’ अक्षर-अक्षर लावून वाचलं. मराठी शाळेत दोन वर्षं गिरवलेली अक्षरं. आम्ही दोघंही गप्प झालो.

खर्ड्यातलं वाक्य त्याने स्वतःच बदललं. आता ते असं आहे : “बिस्मार्कने जर्मनी एक केला. त्याने कामगारांना विमा दिला आणि त्यांच्या सभा बंद केल्या. तो मेल्यावर विद्यार्थ्यांनी आणि श्रीमंत लोकांनी मनोरा बांधला. त्यांना वर आग हवी होती. नंतर आत पाणी आलं.” शेवटच्या दोन मिनिटांत मादाम कामा. झेंडा त्याने पुठ्ठ्यावर रंगवून नेला होता. वर्गात एका मुलीने विचारलं की त्या बाईंचा मनोरा कुठे आहे. तो म्हणाला, नाही, पण झेंडा आजीच्या गावात आहे.

गिरणगावकर काका, तुमच्या वडिलांचं तो बोलला. नाव न घेता, “मुंबईतले एक आजोबा” म्हणून.

गिरणगावकर

बाळाला आशीर्वाद सांगा. काल माळ्यावरची पेटी काढली. वडिलांचं विम्याचं कार्ड सापडलं, कडा कुरतडलेल्या आहेत पण नंबर वाचता येतो. त्याला बघायचं असेल तर पाठवतो.

केसरीवाडा

घाटमाथा, ऑगस्टमध्ये सुट्टीला पुण्यात येणार आहात असं तुम्ही दुसऱ्या धाग्यावर लिहिलं होतंत. २२ तारखेला असाल तर सांगा. मी सकाळी वाड्याच्या दाराशी थांबतो. तो पुठ्ठ्याचा झेंडा बरोबर घेऊन या.